मदत हवी आहे: रात्रीच्या राजकीय चर्चांच्या टीआरपीची तुलना कशी करावी, आणि तीत बेळगावचा मराठी प्रेक्षक कुठे मोजला जातो?

नमस्कार.

मी बेळगावात टिळकवाडी भागात राहते. आमच्या वाचनालयाचे अभ्यासमंडळ दरवर्षी एक पुस्तिका काढते. यंदा मराठी वृत्तवाहिन्यांवरील रात्रीच्या राजकीय चर्चांवर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. रात्री नऊ ते अकरा या वेळेत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या चर्चांपैकी कोणती किती लोक पाहतात आणि त्या पाहणाऱ्यांत सीमाभागातील मराठी माणूस कुठे आहे, हे लेखात आकड्यांनिशी सांगावे असे मंडळात ठरले आहे. या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्याचेच उत्तर हाती लागत नाही, म्हणून जाणकारांकडे मदत मागत आहे.

आधी आतापर्यंत काय समजले ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागणार नाही. आपल्याकडे २०१५ पासून दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या बार्क, म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, ही संस्था मोजते. त्यापूर्वी हे काम टॅम करीत असे. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, निवडलेल्या घरांतील मीटर ती खूण ओळखतो आणि घरातील प्रत्येक माणसाने टीव्हीसमोर बसताना आपापले बटण दाबायचे असते. २०२० साली देशभरात अशी सुमारे ४४ हजार घरे होती, आणि बार्कच्याच अंदाजाने टीव्ही असलेली घरे २१ कोटींच्या आसपास होती. मोजणीचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. इथपर्यंत अडचण नाही.

अडचण सुरू होते ती दाव्यांपासून. दोन वाहिन्या एकाच महिन्यात आपली रात्रीची चर्चा पहिल्या क्रमांकावर असल्याचे सांगतात, आणि जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेला तपशील वाचला की दोघींचे म्हणणे आपापल्या जागी खरेही असू शकते हे लक्षात येते. एकीने पंधरा वर्षांवरील सर्व प्रेक्षक धरलेले असतात, दुसरीने फक्त वरच्या आर्थिक गटातील पुरुष. एकीने शहरे आणि खेडी दोन्ही घेतलेली असतात, दुसरीने दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरेच. या शेवटच्या निकषाला बेळगाव कधीच उतरणार नाही, कारण २०११ च्या जनगणनेत आमच्या शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आतच होती. वेळेचा प्रश्न वेगळाच. एक चर्चा नऊला सुरू होते, दुसरी दहाला, आणि त्या दोन तासांत टीव्हीसमोर बसलेल्या माणसांची एकूण संख्याच सारखी नसते. मग कार्यक्रमाची लोकप्रियता कोणती आणि घड्याळाची कृपा कोणती, हे वेगळे कसे काढायचे?

अमेरिकेतील रात्रीच्या राजकीय विनोदी कार्यक्रमांविषयी वाचताना हाच वाद दिसला. फॉक्स न्यूजवरील ग्रेग गटफेल्ड यांचा कार्यक्रम २०२३ पासून पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री दहाला होऊ लागला, तर सीबीएसवर स्टीफन कोलबेअर यांच्या कार्यक्रमाची वेळ ११:३५ ची होती. त्यात केबलवरील वाहिनी साऱ्या देशात एकाच वेळी दिसते, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर पहिला कार्यक्रम संध्याकाळी सातलाच लागतो. तरीही एकूण प्रेक्षकांचे आकडे शेजारी शेजारी मांडून एकाला विजयी ठरवले जात होते, आणि दुसऱ्या बाजूचे लोक १८ ते ४९ वयोगटाचा तक्ता पुढे करीत होते. आपल्या लेखात अशी तुलना होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

आता मुख्य प्रश्न. मराठी वृत्तवाहिन्यांच्या क्रमवारीखाली बाजारपेठ म्हणून ‘महाराष्ट्र-गोवा’ असे लिहिलेले असते. कर्नाटक ही स्वतंत्र बाजारपेठ आहे. याचा सरळ अर्थ मी असा लावते की महाराष्ट्राच्या हद्दीतील शिनोळीतील घरात मीटर असेल तर त्या घराने पाहिलेली मराठी चर्चा मराठीच्या क्रमवारीत धरली जाते, आणि शिनोळीला लागूनच, पण कर्नाटकात असलेल्या बाचीतील घरात तो असेल तर तीच चर्चा, त्याच रात्री, तितकीच मिनिटे पाहूनही ती कर्नाटकच्या खात्यात जाते, जिथे मराठी वाहिन्यांचा क्रम लावण्याचे कुणाला कारण नाही. कर्नाटकातील निपाणी आणि महाराष्ट्रातील कागल यांच्यातही तोच फरक. खानापूर तालुक्यातील गावेच्या गावे रात्री मराठी बातम्या लावून बसतात, पण ज्या तक्त्यावर जाहिरातीचा दर ठरतो त्या तक्त्यात त्यांना जागा नाही. माझा हा अर्थ बरोबर आहे का?

मला हे मनापासून लागते, कारण त्याचा परिणाम आशयावर होतो असे मला वाटते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, म्हणजे सीमाभागातील काळ्या दिनी, बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा, किंवा रस्त्यावर काही घडले तर आमचा प्रश्न चर्चेत येतो. एरवी मराठी शाळा, मराठीतून मिळावयाची सरकारी कागदपत्रे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा यांपैकी कशावरही रात्रीच्या चर्चेत तासभर दिला जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, त्या दिवसांत दोन्ही राज्यांच्या वाहिन्यांवर सीमाप्रश्न गाजत होता. त्या चर्चांना प्रेक्षक वाढले होते का, आणि वाढले असतील तर कोणत्या वाहिनीचे, हे आज शोधता येईल का?

आणखी एक गोष्ट. आमच्याकडील कित्येक तरुण या चर्चा यूट्यूबवर मोबाइलवरच पाहतात. ती संख्या टीआरपीत मिळवायची कशी?

जाहिरात किंवा माध्यम-नियोजनाच्या क्षेत्रात काम केलेल्या कुणी मार्गदर्शन केले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी पुण्यात माध्यम-नियोजनाचे काम बरीच वर्षे केले आहे. माझे आजोळ खानापूरचे, त्यामुळे प्रश्न अधिक आस्थेने वाचला.

बाजारपेठेविषयी तुम्ही लावलेला अर्थ बरोबर आहे. घर कोणत्या राज्यात आहे यावर त्याची बाजारपेठ ठरते; घरात कोणती भाषा बोलली जाते यावर नाही. बाचीतील घर मोजणीतून वगळले जात नाही, ते कर्नाटकात आणि अखिल भारतीय आकड्यात असते. म्हणून ज्यांच्याकडे बार्कची सशुल्क आकडेवारी आहे त्यांना एखाद्या मराठी वाहिनीची कर्नाटक बाजारपेठेतील प्रेक्षकसंख्या काढता येते. मात्र ती संख्या बेळगावची आहे असे तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण तीत बेंगळुरूतील मराठी घरेही येतात आणि त्यामागील मीटर फार थोडे असतात. शंभर पाहणाऱ्यांवर उभी असलेली संख्या निव्वळ योगायोगाने वीस टक्के इकडेतिकडे होऊ शकते. आपल्या बाबतीत शंभरही मिळतील असे धरून चालू नका. कोणत्या घरांत मीटर आहे हे गोपनीय असते आणि तसेच राहिले पाहिजे, त्यामुळे त्या दिशेने चौकशी करू नये, ही विनंती.

डिसेंबर २०२२ विषयी वाईट बातमी आहे. मुंबई पोलिसांनी टीआरपी गैरव्यवहाराचे प्रकरण उघड केल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले गेले आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा चार आठवड्यांच्या सरकत्या सरासरीच्या स्वरूपात आले. दगडफेकीच्या आठवड्यातील वाढ त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या शांत आठवड्यांत विरघळून गेलेली असणार. एका रात्रीच्या चर्चेचे यश त्या सरासरीतून वेगळे काढता येत नाही. कुणी तसे काढून दाखवत असेल तर ते लेखात घेऊ नका.

तुलनेसाठी एकच शिस्त पाळा. बाजारपेठ, वयोगट, शहरी-ग्रामीण भाग आणि आठवडे दोन्ही कार्यक्रमांसाठी तेच ठेवा, पुनःप्रक्षेपण वगळा, आणि वेळ वेगळी असेल तर कार्यक्रमाचा आकडा त्या वेळी मराठी वृत्तवाहिन्या पाहणाऱ्या एकूण प्रेक्षकांच्या हिश्शात मांडा. घड्याळाचा प्रश्न त्याने बराचसा सुटतो. दाव्यात ‘इतक्या लोकांपर्यंत पोहोचलो’ असे असेल तर ते प्रेक्षकसंख्येपासून वेगळे धरा. समजा, साठ मिनिटांची एक चर्चा ९० हजार लोकांनी प्रत्येकी वीस मिनिटे पाहिली आणि दुसरी ४५ हजारांनी प्रत्येकी चाळीस मिनिटे पाहिली. दर मिनिटाची सरासरी दोन्हींची ३० हजारच येते, पण पोहोच पहिलीची दुप्पट दिसते. सेट-टॉप बॉक्स सुरू करताच जी वाहिनी आपोआप लागते तिला ही पोहोच आयती मिळते. राजकीय चर्चेच्या बाबतीत लोक किती वेळ टिकून राहिले हे मला अधिक बोलके वाटते.

यूट्यूबचे आकडे यात मिळवू नका. तिथला एक व्ह्यू म्हणजे एक माणूसही नव्हे आणि एक मिनिटही नव्हे, आणि पाहणारा साधारण कुठला हे फक्त चॅनेलच्या मालकाला दिसते. मराठी वाहिन्यांना पत्र लिहून कर्नाटकातून येणाऱ्या प्रेक्षकांचे प्रमाण विचारून पाहा. हे प्रमाण सांगण्यात त्यांचे नुकसान काहीच नाही, आणि कदाचित त्यांनाच ते पहिल्यांदा पाहावेसे वाटेल.

सीमाभागापुरते उत्तर हवे असेल तर लहानसे सर्वेक्षण स्वतः करणे हाच खरा मार्ग आहे. मीटर येण्यापूर्वी प्रेक्षक रोजनिशीवर मोजले जात. ती पद्धत आजही वापरता येते. मतदारयादीतून किंवा गल्लीतील प्रत्येक अमुक क्रमांकाचे घर अशा रीतीने घरे निवडा, ओळखीची घरे घेऊ नका. ‘तुम्ही नेहमी कोणती चर्चा पाहता’ असे विचारले तर लोक आदराचे उत्तर देतात. ‘काल रात्री नऊ ते सव्वानऊ टीव्हीवर काय लागले होते आणि समोर कोण कोण होते’ असे विचारा, आणि पंधरा पंधरा मिनिटांनी अकरापर्यंत या. यादीत कन्नड वाहिन्या, मालिका आणि क्रिकेट अवश्य ठेवा. एक नोव्हेंबर, अधिवेशनाचा काळ आणि आयपीएल टाळून साधे सात दिवस निवडा.

धागा सुरू करणारीचा प्रतिसाद

दादा, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. वाहिन्यांना पत्रे लिहिण्याचे काम या आठवड्यात सुरू करते. लेखातून ‘पहिला क्रमांक कुणाचा’ हा भाग मी काढून टाकणार आहे आणि त्या जागी बाची-शिनोळीचे उदाहरण घेऊन मोजणी कशी चालते हे लिहिणार आहे.

सर्वेक्षणाविषयी मात्र दोन शंका उरल्या. आमच्या शहापूर-वडगाव भागात एकाच घरात आजी मराठी चर्चा पाहते आणि कन्नड माध्यमात शिकलेला नातू त्याच वेळेत कन्नड वाहिनी लावतो, रिमोट अर्ध्या अर्ध्या तासाने फिरतो. अशा घराची नोंद माणसागणिक केली तरी जाहिरातीच्या वेळी झालेली अदलाबदल पंधरा मिनिटांच्या रकान्यात कशी दाखवायची? दुसरी शंका केबलची. येथील पॅकमध्ये सगळ्या मराठी वृत्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एखादी चर्चा लोकांना आवडत नाही म्हणून पाहिली जात नाही की घरात ती येतच नाही म्हणून, हे वेगळे नोंदवावे लागेल. त्यासाठी प्रत्येक घरात कोणत्या मराठी वृत्तवाहिन्या लागतात हे आधी रिमोट घेऊन प्रत्यक्ष तपासावे, की केबलचालकाकडून भागवार यादी घेतली तरी पुरेल? निपाणी, खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातील कुणी असे घरोघरचे सर्वेक्षण केले असेल तर प्रश्नावलीचा नमुना येथे द्यावा. या तीन ठिकाणी घरे पाहण्यासाठी वेळ देऊ शकणाऱ्यांनीही कृपया कळवावे.