इन्व्हारचा जॉब आमच्याकडे ओके, पार्टीकडे रिजेक्ट – मदत हवी आहे

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक सरफेस ग्राइंडर, काम बहुतेक ईएन ८ म्हणजे साध्या स्टीलचं आणि कास्टिंगचं. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका पार्टीनं इन्व्हार ३६ (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) च्या दोन प्लेटा करायला दिल्या. कुठल्यातरी ऑप्टिकल उपकरणाचा बेस आहे म्हणे. मटेरियल त्यांचंच, आणि ते काय भावाचं आहे हे दोनदा ऐकवून झालं.

लांबी ४०० मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±१५ मायक्रॉन, म्हणजे मिमीचे हजारावे भाग. मायक्रोमीटर त्याच्याच ४०० च्या सेटिंग रॉडवर (माप जुळवायच्या स्टीलच्या दांडीवर) झीरो केला आणि माप घेतलं. एक प्लेट ३९९.९९७, दुसरी ३९९.९९८. पोरगं म्हणालं, पप्पा, पेढे आणा. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: पहिली ५५ मायक्रॉन जादा, दुसरी ५६.

मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन तीनच महिन्यांपूर्वी झालंय. त्याच मायक्रोमीटरवर, त्याच टेबलावर मोजलेले ईएन ८ चे जॉब वर्षानुवर्षं पास होतात, याच पार्टीकडेसुद्धा. इन्व्हार म्हणजे न वाढणारा धातू असं ऐकून होतो. मग हा वाढला कसा?

दुसरा त्रास म्हणजे रफिंग (पहिलं जाड कटिंग) करून व्हाइसमधून सोडलं की सकाळी प्लेट वाकून ३०-४० मायक्रॉन उचललेली. चिप (कटिंगचा कीस) तर तुटतच नाही, च्युइंगमसारखी टूलला गुंडाळते.

टूलरूम_७८:
तुम्ही मोजलं तेव्हा शॉपमध्ये टेम्परेचर किती होतं? आणि पार्टीनं कुठे मोजलं?

शिरोलीकर:
मे महिना, पत्र्याची शेड, सकाळचे ११. भिंतीवर ३४ दाखवत होतं. पार्टीची सीएमएम (माप घेणारं मशीन) एसी खोलीत आहे, रिपोर्टवर २० लिहिलंय. पण ही गर्मी ईएन ८ लाही असतेच की!

टूलरूम_७८:
मेख तिथेच आहे, दादा. ईएन ८ चा जॉब तापून वाढतो, तसा तुमचा स्टीलचा सेटिंग रॉडही तेवढाच वाढतो. दोघं बरोबरीनं वाढल्यामुळे चूक झाकली जाते, आणि २० डिग्रीला दोघं बरोबरीनंच आखडतात. इन्व्हार रॉडला साथ देत नाही, म्हणून चूक उघडी पडली.

हिशोब करून बघा. स्टील दर डिग्रीला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ४०० मिमी आणि १४ डिग्री म्हणजे ६४ मायक्रॉन. म्हणजे तुमचा ४०० चा रॉड त्या वेळी खरा ४००.०६४ होता. इन्व्हारची वाढ दर डिग्रीला मीटरमागे १.२ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच गर्मीत ७ मायक्रॉनसुद्धा नाही. फरक ५७-५८ चा. त्यातून तुमचे २-३ मायक्रॉन कमी वजा केले की पार्टीचा आकडा येतो. पार्टी बरोबर आहे, तुमचा मायक्रोमीटरही बरोबर आहे.

जॉब जादा आहे, कमी नाही, म्हणजे वाचला. २० डिग्रीला ४०० हवं असेल तर ३४ ला तुमच्या मायक्रोमीटरवर ३९९.९४२ दिसलं पाहिजे. पण या आकड्यावर विसंबून ग्राइंडिंग करू नका. भिंतीचं टेम्परेचर म्हणजे जॉबचं नव्हे. प्लेट, मायक्रोमीटर, रॉड सगळं रात्रभर एसी खोलीत ठेवा आणि मगच मोजा. हा धातू उष्णता फार सावकाश सोडतो, तासाभरात गार झाला असं समजू नका.

अणुरेणू:
थोडं विषयांतर. या धातूचा जन्मच मोजमापापायी झाला. शार्ल एदुआर गियोम हे स्विस शास्त्रज्ञ पॅरिसजवळ सेव्हरला, आंतरराष्ट्रीय वजनमापांच्या संस्थेत काम करायचे. प्लॅटिनम-इरिडियमची मीटरपट्टी परवडत नाही म्हणून ते स्वस्त धातू शोधत होते. १८९६ मध्ये ३६ टक्के निकेल आणि बाकी लोखंड या मिश्रणात तो सापडला. १९२० चं भौतिकीचं नोबेल त्यांना या निकेल-पोलादांच्या कामासाठीच मिळालं.

न वाढण्यामागे चुंबकत्व आहे. चुंबकत्वामुळे धातू मुळातच थोडा फुगलेला असतो. तापवलं की चुंबकत्व कमी होतं आणि ती फूग उतरते. उष्णतेनं होणारी वाढ आणि ही उतरण एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात. २०० डिग्रीच्या पुढे चुंबकत्वच संपत येतं आणि इन्व्हार चारचौघांसारखा वाढायला लागतो. भट्टीजवळच्या कामाला तो घेऊ नये.

दर्यावर्दी:
मी एलएनजी (गार करून द्रव केलेला नैसर्गिक गॅस) नेणाऱ्या जहाजांवर इंजिनिअर होतो. आमच्या टाक्यांना आतून याच इन्व्हारचं ०.७ मिमीचं अस्तर होतं. गॅस उणे १६२ डिग्रीला भरतात. स्टेनलेसचं अस्तर असेल तर आखडायला जागा म्हणून पत्र्याला वळ्या पाडाव्या लागतात, इन्व्हारचा पत्रा सपाट चालतो. पण निकेलचं नाव ऐकून स्टेनलेस समजू नका, हा गंजतो. अस्तर लावणारे कामगार हातमोजे घालतात, कारण घामाच्या बोटांचे ठसे गंज होऊन उठतात.

शिरोलीकर:
अरे देवा! प्लेटेवर तांबूस डाग आहेत खरे. मी कूलंटला शिव्या देत होतो.

टूलरूम_७८:
आता वाकण्याचं. या दोन प्लेटांना आता भट्टीत घालू नका, फिनिश झालेल्या आहेत. पुढच्या वेळी रफिंगनंतर १ मिमी जादा ठेवा, मग ८३० डिग्रीला तापवून पाण्यात, नंतर ३१५ ला तासभर (जाड प्लेट असेल तर जास्त), शेवटी ९५ ला ४८ तास. शेवटची पायरी लोक कंटाळून गाळतात, पण पुढे महिनोन्‌महिने माप हळूहळू सरकतं ते त्यामुळेच. कटिंगला धारदार पॉझिटिव्ह इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं), स्पीड कमी, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) दमदार ठेवा आणि कूलंट सढळ सोडा. टूल नुसतं घासत ठेवलंत तर पृष्ठभाग कडक होतो आणि पुढची धार खातो.

शिरोलीकर:
मेव्हण्याच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या एसी खोलीत प्लेटा, मायक्रोमीटर, रॉड सगळं दोन रात्री ठेवलं. तिथे पहिली प्लेट ५५ जादा दाखवायला लागली, अगदी रिपोर्टबरहुकूम! दोन्ही बाजूंनी थोडंथोडं घासून पुन्हा लॅबमध्ये, असं तीनदा केलं. मेव्हणा वैतागला. काल पार्टीचा मेल आला: पहिली ४ मायक्रॉन जादा, पास. दुसरी अजून लॅबमध्येच आहे, रक्ताच्या नमुन्यांशेजारी.

पार्टीनं आणखी सहा प्लेटा विचारल्यात. कोटेशनमध्ये एसीचा खर्च कुठल्या हेडखाली लावता तुम्ही लोक?