सहावी-सातवीच्या मुलांना स्वतःचे लिहायला कसे लावावे?

मराठीच्या शिक्षिका, धुळे जिल्हा
मी सहावी-सातवीला मराठी शिकवते. ‘सूर्य उगवला नाही तर’ किंवा ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ असा विषय दिला, की बहुतेक वह्यांमध्ये निबंधाच्या पुस्तकांतील तीच वाक्ये त्याच क्रमाने उतरतात. मधल्या सुट्टीत रंगवून गोष्टी सांगणारी हीच मुले लिहिताना इतकी बुजतात, याचे मला फार वाईट वाटते. त्यांच्या कल्पनेला चालना देणारी सुरुवात कशी करून द्यावी?

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा
बाई, या विषयांवर काय लिहायचे हे मुलांना आधीच ठाऊक असते, म्हणून विषयाऐवजी अर्ध्यावर थांबलेला प्रसंग द्यावा. ‘एसटी सुटली आणि मागच्या बाकाखालची पिशवी हलू लागली’ एवढेच वाक्य मी फळ्यावर लिहीत असे. एका मुलीने त्या पिशवीत कोंबडी बसवली आणि तिचे तिकीट काढायचे की नाही, यावरून कंडक्टर व म्हातारी यांच्यात जुंपलेला वाद दोन पानभर लिहिला. वाक्यात ओळखीची जागा आणि एक अडचण असावी, उलगडा मात्र मुलांवर सोडावा. ‘रम्य’, ‘विलोभनीय’ असे शब्द त्या दिवसापुरते वर्ज्य केले, तर पाठ केलेली वाक्ये आपोआप गळून पडतात.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, नंदुरबार
सरांशी सहमत आहे. मात्र जी मुले लिहिण्यात मागे आहेत, त्यांना नुसते वाक्य पुरत नाही. त्यांना आधी जोडीने गोष्ट सांगू द्यावी आणि मगच वही उघडावी. आपल्याकडील मुले घरी अहिराणी बोलत असतील, तर पात्रांचे संवाद अहिराणीतच येऊ द्यावेत, कारण म्हातारी प्रमाण मराठीत भांडू लागली की गोष्टीतला जीवच जातो. पहिल्या वाचनात लाल पेन हाती घेऊ नये. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खर्ड्यात पाहता येते.

मराठीच्या शिक्षिका, धुळे जिल्हा
मनापासून आभार. परंतु अभ्यासक्रम पूर्ण करताना यासाठी तासिका कोठून काढावी?

विषय शिक्षिका, पुणे
ताई, आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांमध्ये ‘उपक्रम, कृती’ आहेच. हे लेखन त्यात धरावे, म्हणजे वेगळी तासिका लागत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्यातील एखादी कथा मध्यावर थांबवून पुढचा भाग मुलांना लिहायला सांगावा आणि सर्वांचे लिहून झाल्यावरच मूळ शेवट वाचून दाखवावा.