जाळं विणणाऱ्या लांडग्याला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका शब्दावर अडलोय.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात शाळेतल्या मुलांना घेऊन सकाळी शेतात हिंडतो. पाऊस सरला की मेरेवरच्या गवतावर दव धरतं आणि पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखी जाळी दिसू लागतात. प्रत्येक जाळ्याच्या एका कडेला भोक, आत निमुळती नळी, नळीच्या तोंडाशी करडा कोळी, पुढचे पाय जाळ्यावर टेकवून बसलेला. गवताची काडी हलकेच लावली की आधी झेपावतो आणि फसवणूक कळताच आत गडप होतो. मी म्हटलं, हा लांडगा कोळी. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, लांडगा कधी जाळं विणतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) हिपासा, फ्रेंच कोळीतज्ज्ञ सिमाँ यांनी १८८५ मध्ये नाव दिलेली. लांडगा कोळ्यांचं कुल, म्हणजे प्रजातींहून मोठा गट, लायकोसिडी. बहुतेक सगळे जमिनीवर धावून भक्ष्य पकडणारे, जाळं न विणणारे. हिपासा त्यातला अपवाद. मग याला लांडग्यांत का घालायचं? त्याचं उत्तर मादीकडे पाहून मिळतं. अंड्यांची गोल पिशवी ती पोटाच्या टोकाला चिकटवून सगळीकडे वागवते आणि पिल्लं बाहेर आली की ती आईच्या पाठीवर चढून बसतात. डोळ्यांची मांडणीही घरचीच: खाली चार बारीक, वर दोन मोठे, त्यांच्या मागे आणखी दोन.

आता शब्दाकडे. ज्या प्रजातीवरून या कुलाला नाव मिळालं, तिला ‘लायकोसा’ हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०४ मध्ये दिलं, ग्रीक ‘लायकोस’ म्हणजे लांडगा यावरून. हा लायकोस आणि आपला ‘वृक’ एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. म्हणून ‘वृककोळी’ कुणी म्हटलं तर ते ओढूनताणून केलेलं वाटत नाही मला. पण वृक आपल्या तोंडी उरलाय तो भीमाच्या ‘वृकोदर’ या नावापुरता. मुलांना लांडगाच कळतो. फक्त एक सांगावं लागतं, की हा कळपाने शिकार करत नाही, एकटा राहतो.

इथेच आणखी एक गफलत. वर्तमानपत्रांत सर्रास "कोळ्याची नवी प्रजाती सापडली" असं छापतात आणि म्हणायचं असतं ‘जाती’. हिंदीतला ‘प्रजाति’ तसाच उचलल्याचा हा परिणाम. मराठीत जात लहान, प्रजाती मोठी: हिपासा ही प्रजाती आणि तिच्यात अनेक जाती. त्या आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरल्यात. त्यांची नावं वाचली तरी नकाशा उलगडतो. प्राणिशास्त्रज्ञ ग्रेव्हली यांनी १९२४ मध्ये वर्णन केलेल्या मद्रासपटाना आणि हिमालयेन्सिस आपल्याकडच्या, ऑस्ट्रेलिस म्हणजे दक्षिणेची, ती आफ्रिकेच्या दक्षिण भागातली. होल्मेरी भारतापासून फिलिपिन्सपर्यंत. मेरेवरची आमची नेमकी कुठली, हे नुसत्या नजरेने ठरवण्याचं धाडस मी करत नाही.

मला सुचलेलं नाव: ‘नरसाळ्या लांडगा’. नुसतं ‘नरसाळे कोळी’ चालणार नाही, कारण ॲगेलेना नावाचे वेगळ्याच कुलातले कोळीही असंच नरसाळं विणतात. हिपासाच्या एका जातीचं नावच अ‍ॅगेलेनॉइडिस, म्हणजे ‘ॲगेलेनासारखा’. ‘लांडगा’ शब्द सोडला की अंडी वागवणाऱ्या त्या कुलाशी असलेलं नातं हातचं जातं.

या जाळ्याला ‘कोळिष्टक’ म्हणा असं कुणी सुचवेल, त्यांना: कोळिष्टक म्हणजे घराच्या कोपऱ्यातलं, जळमट तर त्याहून जुनं आणि धूळ धरलेलं. दवाने भरलेल्या, रोज राखलेल्या त्या चादरीला दोन्ही शब्द लावायला जीव धजत नाही. तिला ‘जाळं’च म्हणेन.

गोव्यात, कोकणात तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी या गवतातल्या कोळ्याला, गडग्याच्या चिऱ्यांतल्या त्याच्या भोकाला काही शब्द होता का? असेल तर इथे लिहा. मुलांना तोच सांगेन.