गिरणाकाठच्या गोटे-खाणीला बांध: समोरच्या काठाने हरकत कशी घ्यावी?

प्रश्न (डावा काठ):
भडगाव तालुक्यात गिरणेच्या डाव्या काठाला आमची केळी आहे. समोरच्या मळईच्या खासगी जमिनीत दगडगोटे आणि खडी काढण्याची खाण प्रस्तावित असून, नदी आणि खड्डा यांच्यात चाळीस मीटरची पट्टी सोडून तिच्यावर साडेतीन मीटर उंच मातीचा बांध घालण्याचे आराखड्यात दाखवले आहे. बांधामुळे पुराचे पाणी खड्ड्यात शिरणार नाही, म्हणजे कोणालाच धोका नाही, असे खाणवाल्यांचे म्हणणे आहे. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी दोन्ही काठांवर पसरते हे आम्ही पाहत आलो आहोत. एक काठ बंद झाला तर ते जाणार कुठे? हरकतीसाठी आठ दिवस उरले आहेत.

उत्तर (निवृत्त पाटबंधारे अभियंता):
भाऊ, तुमची शंका रास्त आहे आणि ती आकड्यांत मांडता येते. समजा पूर ३०० मीटर रुंदीतून वाहतो आणि बांधाने त्यातले ६० मीटर अडवले, तर उरलेल्या प्रत्येक मीटरमधून सव्वापट पाणी जावे लागेल. उतार आणि पात्राचा खडबडीतपणा तोच धरला तर खोली साधारण १४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे चार मीटरचे साडेचारहून थोडे अधिक होतात. हे वाढीव अर्धा मीटर पाणी तुमच्या केळीत उभे राहील. गणित ढोबळ आहे. हरकतीत बांधासह आणि बांधाविना अशा दोन्ही स्थितींतील पूरपातळी नदीच्या आडव्या छेदांनिशी (काठापासून काठापर्यंतच्या तळाच्या आकृत्यांनिशी) मागा.

त्याहून वाईट प्रकार बांध फुटल्यावर सुरू होतो. खड्डा नदीच्या तळापेक्षा खोल गेलेला असेल, तर बांधावरून उलटलेले पाणी आतल्या उतारावर धबधब्यासारखे पडते, पट्टी आतून पोखरत नदीपर्यंत येते आणि एखाद्या रात्रीत नदीच खड्ड्यातून वाहू लागते. पाण्याला अचानक उतार मिळाल्याने पात्राचा तळ वरच्या दिशेने खचत जातो आणि बंधारे, पुलाचे खांब, जॅकवेल (नदीचे पाणी उपसायची विहीर) यांचे पाय उघडे पडतात; काठच्या विहिरींचे पाणीही उतरते. खालच्या अंगाला गोटे आणि वाळू खड्ड्यातच बसल्यामुळे पुढे गेलेले रिकामे पाणी काठ खाते. आपल्याकडची काठाची पिवळी माती कोरडी असताना कुदळीला दाद देत नाही, पण भिजली की ओसरत्या पुरात घराएवढ्या मोठ्या ढेपांनी कोसळते.

म्हणून बांध आणखी उंच करा, अशी मागणी चुकूनही करू नका. बांध बुटका ठेवायला सांगा आणि त्याच्या खालच्या टोकाला दगडी पिचिंगचा (दगड रचून केलेल्या अस्तराचा), त्याखाली गिट्टीचा गाळणथर असलेला सांडवा मागा. पूर चढताना पाणी त्या टोकाने मागे फिरून खड्डा संथपणे भरते. पुढे बांध बुडायची वेळ आली तरी आतली आणि बाहेरची पातळी जवळपास सारखी झालेली असते, त्यामुळे पाण्याला पडायला उंचीच उरत नाही.

उत्तर (खाण परवान्यांची कामे पाहणारा):
सांडव्याशी सहमत आहे, पण आधी नकाशावर पूररेषा आहेत का ते पाहा. केंद्राने पूरक्षेत्र विभागणीचे आदर्श विधेयक १९७५ मध्ये राज्यांकडे पाठवले, तरी आपल्याकडे सगळा भार जलसंपदा विभागाच्या रेषांवरच आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये, कारण दहा वर्षांच्या पट्ट्यात तो पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपककुमार निकालानंतर पाच हेक्टरांखालील खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली, तेव्हा क्षेत्राचे तुकडे पाडलेले दिसले तर तोही मुद्दा घ्या. उकरलेल्या मातीचे ढीग कुठे पडणार तेही विचारा. कागदावर ते बांध नसतात, पुरात मात्र असतात.

उत्तर (चाळीसगावकर):
ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी या लहान नद्यांनी आमच्या गावात काय केले ते पाहिले आहे, म्हणून एकच सांगतो. धरणाच्या विसर्गाचा इशारा मिळतो, नाल्यांच्या लोंढ्याचा मिळत नाही. ट्रकसाठी पात्रात नळ्या टाकून भराव करणार असतील, तर पावसाळ्याआधी तो कोणत्या तारखेला काढणार हे अटींत लिहून घ्या.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. आराखडा पुन्हा काढून पाहिला. त्यावर निळी रेषा नाही आणि लालही नाही. मातीचे ढीग खड्ड्याच्या वरच्या कोपऱ्यात, ऐन धारेच्या तोंडाशी दाखवले आहेत. भरावाच्या नळ्या ९०० मिलिमीटरच्या असून संख्या लिहिलेली नाही. अभियंता नाना, सांडव्याची उंची कशावरून ठरवायला सांगू?

निवृत्त पाटबंधारे अभियंता:
पाणी काठाबाहेर पडू लागते त्या पातळीवरून. सांडव्याचा माथा तिच्या जवळपास आणि बांधाच्या माथ्यापेक्षा निदान मीटरभर खाली असावा. नेमका आकडा मात्र छेद हाती आल्यावरच ठरेल.