थारला स्टीलचा बंपर टाकायच्या आधी

एका भाऊंनी विचारलंय, महिंद्रा थारचा प्लास्टिकचा बंपर काढून स्टीलचा टाकू का. टाका की, पण आधी वजन बघा राव. मी इथं अक्कलकोट रोडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं जाड पत्र्याचा करून घेतला, दिसायला रुबाबदार पण उचलायला दोघं लागायचे आणि बसवल्यावर गाडीचं नाकच खाली गेलं, स्पीडब्रेकरवर पुढचं सस्पेन्शन थाडकन आपटायचं, वर फॉगलॅम्पची भोकं बोटभर सरकलेली, ती परत ग्राइंडरनं मोठी केली.

विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र) लावणार असाल तर ब्रॅकेट थेट चासीला बोल्ट झालेच पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली की ओढताना बंपरच हातात येतो. टायरपुढचा भाग कापलेला, आखूड बंपर घ्या, चढावर टेकत नाही. एअरबॅगचं पण बघा, कंपनीचा बंपर धडकेत जसा दबतो तसा हा दबत नाही, त्यामुळं सेन्सरचं गणित बिघडू शकतं.

आणि हो, डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं बुलबार, क्रॅशगार्डवर (बंपरपुढं लावतात ते लोखंडी पाइपचे गार्ड) कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे गाडीत परस्पर बदल करायचे नाहीत ते. पाइपवाला प्रकार लांबूनच दिसतो पोलिसांना.

बसवल्यावर महिन्याभरानं नट परत आवळा, माझे दोन ढिले निघाले.