शाळेत असतानाच कॉलेज : तुमचे, मुलांचे अनुभव

पाऊसवेडी :
काल गराज आवरताना एका खोक्यात लेकाचं कम्युनिटी कॉलेजचं ओळखपत्र सापडलं. फोटोत मिसरूडही फुटलेलं नाही! आम्ही वॉशिंग्टन राज्यात, त्यामुळे अकरावीत 'रनिंग स्टार्ट' घेतलं होतं, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स करायची इथली योजना. फी राज्य भरतं, पुस्तकं आणि ये-जा आपली. ये-जा म्हणजे मी, कारण याच्याकडे लायसन्स नव्हतं. संध्याकाळच्या लेक्चरला सोडायचं आणि पार्किंगमध्ये मांडीवर डबा घेऊन बसायचं. कॉलेजचा ५ क्रेडिटचा एक कोर्स म्हणजे शाळेचं १ क्रेडिट, म्हणजे शाळेत वर्षभर चालतं ते इथे एका क्वार्टरमध्ये, तीनेक महिन्यांत. मिडटर्मची तारीख ऐकून माझ्याच पोटात गोळा. वर्गात त्याच्या शेजारी एक बाई बसायच्या, रात्रपाळी करणाऱ्या, त्यांची मुलं याच्याहून मोठी. एकदा गाडीत म्हणाला, "आई, त्यांना डुलकी लागली की मी नोट्स घेतो, मला कळलं नाही की त्या सरांना विचारतात. मला लाज वाटते ना."
लिहा तुमचंही.

ह्यूस्टनची वहिनी :
आमच्याकडे ड्युअल क्रेडिट, म्हणजे एकच कोर्स शाळेतही धरतात आणि कॉलेजातही. कॉलेजचं इंग्लिश १३०१, पण शाळेतच. वर्ग तोच, बाई त्याच. सासूबाईंना कौतुकाने फोन केला तर म्हणाल्या, "अगं, अकरावीत आहे म्हणजे कॉलेजातच असणार ना, त्यात काय!"

कोथरूडकर :
सासूबाई बरोबर आहेत 😄 इथे दहावी झाली की कॉलेजच. नाव कॉलेजात, देह क्लासमध्ये.

हिशेबी बाबा :
आमच्या राज्यात फुकट नव्हतं. फी मी भरली. मार्क विचारायला फोन केला तर म्हणे मुलीची लेखी परवानगी आणा. मुलगी १६ वर्षांची! फर्पा नावाचा कायदा आहे, मूल कॉलेजच्या पटावर आलं की तिथल्या रेकॉर्डचा हक्क त्याचा, वय काही असो. घरी तिला विचारलं तर म्हणते, "बाबा, अर्ज करा."

पाऊसवेडी :
😂😂 झाला का मंजूर?

हिशेबी बाबा :
त्रुटी काढून परत आला.

निळी शाई :
मी आई नाही, मीच ती मुलगी. सोळाव्या वर्षी कॉलेजची केमिस्ट्री घेतली आणि त्याच टर्मला माझं अरंगेत्रम, भरतनाट्यमचा पहिला एकल कार्यक्रम. पायाला घुंगरू आणि समोर लॅब रिपोर्ट, असं चाललं होतं. कोर्स सोडायची मुदत निघून गेली, घरी बोलायची हिंमत झाली नाही. सी ग्रेड मिळाली. मी विसरूनही गेले. मग मेडिकलचा अर्ज भरताना कळलं की त्या सामायिक अर्जात, म्हणजे अ‍ॅमकॅसमध्ये कॉलेजचा प्रत्येक कोर्स दाखवावा लागतो, शाळेत असताना केलेलासुद्धा, आणि तो जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतात. २२ वर्षांची मी १६ वर्षांच्या माझ्यावर रात्रभर चिडून बसले होते. मुलाखतीत एकाने विचारलंच. अरंगेत्रम म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली, केमिस्ट्री राहूनच गेली 😅 काका-काकूंनो, झेपत नसेल तर मुदतीत सोडू द्या हो. एखादा डब्ल्यू (कोर्स सोडल्याचा शेरा) चालतो. पळते, ड्युटी आहे.

ह्यूस्टनची वहिनी :
अगं बाई, डॉक्टर झालीस ना? मग झालं तर. जेवलीस का?

नवखी :
कॅलिफोर्नियात, बे एरियात आहोत, मुलगी नववीत. एपी (शाळेतच शिकवतात ते कॉलेजच्या पातळीचे कोर्स) घ्यावं की हे? (कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात, घाईत लिहितेय)

हिशेबी बाबा :
कुकर बंद करा आधी. एपीचं क्रेडिट मे महिन्यातल्या एका परीक्षेवर, १ ते ५. यात टर्मभराचं काम मोजतात. मात्र बरीच खाजगी विद्यापीठं, शाळेच्या डिप्लोमात धरलेला कोर्स पुन्हा धरत नाहीत. हे आम्हाला प्रवेश झाल्यावर कळलं. आमची क्रेडिटं गेली पाण्यात. लेक म्हणते पाण्यात नाही गेली, मला निबंध लिहिता येतो. येतो म्हणा. मला पाठवलेल्या मेलमध्येसुद्धा मुद्दे असतात.

पाटी-पेन्सिल :
थोडं वेगळं. नव्वदच्या दशकात पुण्यात, नववीत असताना भास्कराचार्य प्रतिष्ठानात गणिताला जायचो सायकलवरून. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली काढलेली संस्था. शाळेत नसलेलं गणित तिथे. क्रेडिट वगैरे शब्दच माहीत नव्हते. भागाकारात उरते त्या बाकीचं अंकगणित शिकलो, ते घड्याळासारखं चालतं, १० नंतर ५ तासांनी ३ वाजतात तसं. मग शाळेत तासाला घड्याळाकडे बघत बसायचो. बाईंना वाटे घंटेची वाट बघतोय. उभं केलं.

कोथरूडकर :
मलाही उभं करायचे, पण मी खरंच घंटेची वाट बघायचो.

नवखी :
कुकर वाचला. पाऊसवेडीताई, डब्यात काय असायचं?

पाऊसवेडी :
थालीपीठ बहुतेक वेळा. एक जास्तीचं, त्या बाईंसाठी. त्यांना फार आवडायचं. पुढे नर्सिंगला प्रवेश मिळाला त्यांना. त्यांचा एक डबा माझ्याकडेच राहिला, कालच्या खोक्यात तोही निघाला. झाकण सापडत नाहीये.

ह्यूस्टनची वहिनी :
झाकणांसाठी वेगळा धागा काढा कुणीतरी.