रविवारी सकाळी 7 ते 9 सोसायटीचं नेट बंद : फायरवॉलची डिस्क बदलतोय

ए-1102 : नमस्कार. ऑफिसमधल्या फायरवॉलची (सोसायटीचं सगळं नेट जिच्यातून तपासून येतं-जातं ती पेटी) डिस्क आता फार दिवस काढणार नाही. खराब सेक्टरचा आकडा सोमवारी 8 होता, काल रात्री 41. गेटचं अ‍ॅप, कॅमेरे, क्लबहाऊसचं वायफाय सगळं त्याच पेटीतून जातं. लॅमिंग्टन रोडवरून 120 जीबीची एसएसडी आणली, बिल सेक्रेटरींकडे दिलंय.

बी-304 : अरे बाळा, 7 ला तर कामवाल्या बायका यायला लागतात. गेटवर एंट्री कशी करायची?

ए-1102 : काकू, दोन तास वॉचमन रजिस्टरमध्ये लिहून घेईल, बोललोय त्याच्याशी. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालूच राहील, फक्त मोबाईलवर दिसणार नाही.

सी-601 : दादा, जुनी डिस्क सरळ क्लोन करा ना, म्हणजे नवीवर जशीच्या तशी नक्कल. पटकन होईल.

ए-1102 : माझ्याही आधी तेच डोक्यात आलं होतं. पण मरायला टेकलेल्या डिस्कवरचं जे वाचता येणार नाही ते नव्या डिस्कवरही तुटकंच उतरणार, आणि कुठली फाईल गेली ते कळणारही नाही. त्यापेक्षा ओपीएनसेन्स, म्हणजे फायरवॉल चालवणारं सॉफ्टवेअर, कोरं टाकतो. डिस्कवर फाईली मांडायची पद्धत आधी यूएफएस होती, आता झेडएफएस घेतो, अचानक लाईट गेली तर ते जास्त चांगलं सावरतं.

आपले सगळे नियम, व्हीपीएन (बाहेरून सुरक्षित जोडणी), कॅमेऱ्यांचे ठरवून दिलेले आयपी (नेटवर्कवरचे पत्ते), इंटरनेटचं लॉगिन हे एकाच कॉन्फिग डॉट एक्सएमएल फाईलमध्ये असतं. ती उतरवून पेनड्राईव्हवर ‘कॉन्फ’ फोल्डरमध्ये ठेवली आहे. इन्स्टॉलर सुरू होताना एकदाच ‘कुठलीही कळ दाबा’ असं विचारतो, तेव्हा दाबली की ती फाईल उचलतो. आणि मला आवडलेली गोष्ट ही, की नव्या डिस्कवर एक अक्षर न लिहिता सगळं आधी मेमरीतून चालतं. गेटचा टॅब, कॅमेरे दिसले की मगच डिस्कवर टाकणार.

ए-708 : मग ती फाईल इथेच ग्रुपवर टाकून ठेव. सगळ्यांकडे राहील, हरवायची भीती नाही.

ए-1102 : काका, कळकळीची विनंती, ते अजिबात नको. ती साधी वाचता येणारी फाईल आहे. इंटरनेटचा पासवर्ड आणि व्हीपीएनच्या खाजगी किल्ल्या तिच्यातून सहज काढता येतात. ग्रुपवर घर सोडून गेलेले भाडेकरूही आहेत अजून. बॅकअप घेताना पासवर्ड लावता येतो. तशी एक प्रत सेक्रेटरींकडे, एक खजिनदारांकडे. बिनपासवर्डची फक्त रविवारच्या पेनड्राईव्हवर, काम झालं की पुसतो.

ए-708 : बरं झालं सांगितलंस. मला वाटलं नुसती सेटिंग आहे.

सेक्रेटरी : माझ्याकडून काही हवंय?

ए-1102 : हो साहेब, परवानगी. फाईल वाचून सुरू केलं की इन्स्टॉलरच्या लॉगिनलाही त्या फाईलमधलाच रूट (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड लागतो, कोऱ्या इन्स्टॉलरबरोबर येणारा चालत नाही. पेटी बसवणाऱ्याने तो आपल्याला कधी दिलाच नाही, मी वेगळ्या अ‍ॅडमिन खात्यातून काम करतो. त्या खात्यातून आज रूटचा पासवर्ड बदलतो आणि मगच बॅकअप पुन्हा घेतो. आधी घेतलेल्या फाईलमध्ये जुनाच पासवर्ड आहे, ती घेऊन बसलो तर रविवारी दारातच अडकेन.

सेक्रेटरी : बदला. नवीन पासवर्ड पाकिटात सीलबंद करून माझ्याकडे द्या, कपाटात ठेवतो. सोसायटीची वस्तू आहे, सोसायटीकडेच असायला हवा.

*रविवार*

ए-1102 : 8:50. झालं, गेट आणि कॅमेरे चालू आहेत. केबलवाल्याने आपल्या पेटीचा मॅक (पेटीचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलाय, दुसरा दिसला तर नेट देत नाही, त्याची धास्ती होती, पण पेटी तीच असल्याने काही अडलं नाही. पोर्टची नावंही तीच राहिली.

सी-601 : दादा, यूपीएसची बॅटरी डॅशबोर्डवर दिसत नाहीये.

ए-1102 : बरोबर. प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) फाईलबरोबर येत नाहीत, त्यांची सेटिंग तेवढी येते. यूपीएसचा प्लगइन आता टाकला, बघ. जुने आकडे आपोआप भरले गेले.

सी-601 : हो, दिसतंय.

बी-304 : बाळा, पोहे झालेत, वर ये आधी.

ए-1102 : आलोच काकू. जुनी डिस्क पुसलेली नाही, आजची तारीख चिकटवून कपाटात ठेवली आहे. महिनाभर तरी कुणी हलवू नका.